बारा-चाळीसचा नंबर

आमच्या सेंटरच्या बरोब्बर खाली फरसाणचं दुकान आहे. ज्याने कोणी ही जागा निवडली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. वर लोक उपाशीपोटी तपासणीला येणार, आणि खालून सकाळपासून जिलेबीचा वास जिना चढून वर येणार. घाटकोपरच्या माणसाची याहून कठीण परीक्षा कोणी घेऊ शकत नाही. मी काउंटरला बसते, पंधरा वर्षं झाली. अकरा वाजले की माझंच चित्त थाऱ्यावर नसतं, मग पेशंटला काय बोलणार?

मेस्त्रीबाई मात्र बोलायच्या. आणि कशा!

विमल मेस्त्री, आमच्या गुरुवारच्या बाई. लिव्हर तपासायचं मशीन त्या चालवायच्या; ते आमच्याकडे रोज नसतं. महागडी वस्तू, एका गाडीत बसून आठवडाभर या सेंटरहून त्या सेंटरला फिरते. आमच्या वाट्याला गुरुवार, नऊ ते दोन. दोन वाजले की यादव नावाचा गाडीवाला वर येतो, मशीन पेटीत घालतो आणि मुलुंडला पळतो. बी नाहीतर सी कावीळ वर्षानुवर्षं अंगात मुरलेली माणसं या मशीनवर येतात. बाहेरून धडधाकट दिसतात, आत लिव्हरवर वण धरत असतात. ते किती धरलेत, लिव्हर किती कडक झालंय, हे मशीन वरूनच सांगतं. सुई नाही, कापाकापी नाही. उजवा हात डोक्याखाली घेऊन पडायचं, बरगड्यांच्या फटीत दांडा टेकवायचा, आणि तो बारीकशी टिचकी मारतो. टक्. अशा दहा टिचक्या. दहा आकड्यांतला मधला रिपोर्टवर जातो. माझं काउंटर आणि त्यांची खोली यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड, त्यामुळे हे टक् टक् मला सगळं ऐकू यायचं. काम करता करता मी मोजायचे. दहा झाले की पुढचा केसपेपर काढून ठेवायचे.

बाई देवगडकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर बिऱ्हाड विक्रोळीला आलं. सुती साडी, वरून पांढरा कोट, पायात रबरी चपला. हाताची नखं इतकी कापलेली की दुखत असतील असं वाटायचं. बरगड्यांवर चोपडायच्या जेलची बाटली त्या स्टीलच्या वाटीत कोमट पाण्यात उभी करून ठेवायच्या. "थंड जेल लागला की माणूस दचकतो गो, श्वास धरतो. मग आकडा कशाला खरा येतोय?" पेशंट आडवा झाला की त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणायच्या, "उगी रव. नुसतं दार वाजवतंय मी." मोठमोठे बाप्ये, मिशीवाले, त्या एका वाक्याने गप पडून राहायचे.

कोणी विचारलं, हे कडक-मऊ म्हणजे काय हो, तर उत्तर ठरलेलं. "ताजं घावण असतं तसं मऊ हवं. कालच्या भाकरीवाणी झालं तर डॉक्टरांना काळजी." यापलीकडे एक अक्षर नाही. आकडा तर कधीच नाही. पेशंट हात जोडायचे, नातेवाईक दाराशी गाठायचे. "कागद बोलेल" म्हणून बाई आत.

आणि उपास! तपासणीआधी तीन तास पोटात काही नको हा नियम मशीनचा. जेवणानंतर लिव्हरकडे रक्त जास्त जातं, आकडा उगाच फुगतो. पण बाईंनी तो नियम देव्हाऱ्यात बसवला होता. स्वतः गुरुवारचा दत्ताचा उपास करायच्या, त्यामुळे तोंडात धार. "मी दिवसभर उपाशी उभी राहते, तुम्हाला तीन तास जड होतात?" एकदा एक शहाकाका आले. मी काउंटरवर नेहमीप्रमाणे विचारलं, कधी खाल्लंत? म्हणाले, रात्री. आत गेले आणि दोन मिनिटांत शर्टाची बटणं लावत बाहेर. मागून बाईंचा आवाज, "काका, पपईचा संभारो बाहीला लागलाय. फाफडा गरम होता ना?" सगळा बाक हसला. काका पण हसले, काय करतील! पुढच्या गुरुवारी बायकोला साक्षीला घेऊन आले.

मला तेव्हा हे सगळं झकास वाटायचं. अशी कडक माणसं आपल्या बाजूला असली की बरं वाटतं.

अजून एक आठवतो, जहाजावर नोकरी लागलेला, मालवणकडचाच. मेडिकलसाठी आकडा कमी हवा होता. दहा झाल्यावर म्हणे, मावशी, अजून दोन-चार मारा ना, एखादा बरा येईल. बाई म्हणाल्या, "दहा बरोबर आलेत. अकरावा मारला तर तो तुझ्यासाठी मारलेला होईल." पोरगा भडकला, दार आपटून जिन्यात जाऊन बसला. बाईंनी दोन वाजता कोट काढला, त्याला हाताला धरून खाली नेलं, आणि स्वतः उपाशी राहून त्याला समोर बसवून पोटभर खायला घातलं. त्याच्याशी काय बोलल्या मला माहीत नाही. जाताना पाया पडून गेला.

आता मंगल घाडीचं सांगते. 

भांडुपची बाई, चाळिशीच्या आत. विक्रोळीला एका कंपनीत पॅकिंगला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, बी कावीळ, लवकरात लवकर करा. कशीबशी अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिचा नंबर होता बारा-चाळीसचा, त्या दिवशीचा शेवटचा. मी विचारलं, कधी खाल्लंत? ती एकदम खरं बोलणारी. म्हणाली, "सकाळपासून काय नाय हो. निघताना मुलीने दही-साखर घातली हातावर. मोठ्या तपासणीला चालली ना आई, म्हणून." आणि हसली. कौतुकाने सांगत होती ती. शाळेतली पोर, आईचं काम चांगलं होऊ दे म्हणून तिने घरातल्या मोठ्या बाईसारखं हातावर दही ठेवलं.

आणि मी काय केलं? चिठ्ठीवर लिहिलं, "दही-साखर, साडेअकरा." नसतं लिहिलं तर काय बिघडत होतं? पण मला सवय, विचारायचं आणि लिहायचं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. घड्याळ बघितलं. तीन तास भरायचे तर अडीच वाजणार, आणि दोनला मशीन जाणार. म्हणाल्या, "उपाशी म्हणजे उपाशी. पुढच्या गुरुवारी या."

मंगल म्हणाली, "बाई, चमचाभरच होतं हो. रजा परत नाय मिळणार."

"तुमच्याच भल्याचं सांगते. चुकीचा आकडा घेऊन काय करणार?"

 ती पर्स खांद्याला लावून निघून गेली. मी तिचं नाव पुढच्या गुरुवारी बारा-चाळीसला लिहिलं.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग गणपती आले, निम्मी मुंबई गावाला गेली. मग पितृपक्ष. बाई दर गुरुवारी मला म्हणायच्या, "ती घाडी आली नाय गो. फोन लाव." मी लावायचे, वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा उचलला. बारीक आवाज. मी विचारलं, मंगल घाडी आहेत का, लिव्हरच्या तपासणीचं होतं. पोरगी म्हणाली, "आई गेली. रक्ताची उलटी झाली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत..."

मी अरे रे, असं काहीतरी पुटपुटले. मग तिने विचारलं, "ताई, मी दही दिलं नसतं तर त्या दिवशी तपासलं असतं ना?"

देवाशपथ सांगते, मी फोन ठेवला. म्हणायचं होतं, नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही. म्हणता आलं नाही, कारण ती जे विचारत होती ते खरं होतं. तपासलं असतं. मी भित्री. ठेवला फोन.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या जेलची बाटली पुसत होत्या. पुसतच राहिल्या. आठवड्याभराने चहाच्या वेळी, आमचे रिपोर्टवर सह्या करणारे डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "चमचाभर दह्याने काय होतंय? पोटभर जेवला तर फरक. आकडा हललासुद्धा नसता." त्यांना मंगलचं काही माहीत नव्हतं, सहज म्हणाले. वर असंही म्हणाले की एवढं पुढे गेलेलं असेल तर आज काय आणि महिन्याने काय, सांगता येत नाही. पण हे दुसरं वाक्य बाईंनी ऐकलंच नाही बहुतेक. कप तसाच ठेवून त्या आत गेल्या.

त्यानंतर बारा-चाळीसचा नंबर त्यांनी मला कोणाला देऊ दिला नाही.

"तिथे घाडी लिही."

"बाई, ती गेली."

"लेक आहे ना? आईला होतं म्हणजे जन्मतानाच पोरीला लागलं असणार. तिला तपासायला हवं. कधी ना कधी येईल. लिही तू."

पोरीला मामा गावाला घेऊन गेला, फोन बंद झाला. तरी मी लिहायचे. मालकांनी दोनदा विचारलं, हा नंबर दर आठवड्याला रिकामा का? मी थापा मारल्या. मुलीचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून आईचंच नाव. आणि दर गुरुवारी बारा-चाळीसला मेस्त्रीबाई दार उघडून बाहेर यायच्या, कागद बघायच्या आणि हाक मारायच्या, "मंगल घाडी." बाकावरची माणसं इकडेतिकडे बघायची. परत, "मंगल घाडी." तिसऱ्यांदा जिन्याच्या दिशेने, जरा मोठ्याने. मग आत जाऊन दार लावून घ्यायच्या.

आणि आतून आवाज यायचा. टक्. टक्. टक्.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आत कोणी नव्हतं, मी स्वतः बघितलं होतं. मी मोजले. दहा. दार ढकलून पाहिलं तर पलंगावर नवा कागद अंथरलेला, उशी सारखी केलेली. बाई बाजूला उभ्या, दांडा स्वतःच्या तळहातावर टेकवलेला. मशीनच्या पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा, तळहाताला कुठे लिव्हर असतं? माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दार लाव गो."

मी लावलं. सात वर्षं दर गुरुवारी ते दहा मोजले. भुताखेतावर माझा विश्वास नाही, चेंबूरच्या कॉलनीत वाढलेली बाई मी. पण बारा-चाळीस जवळ आले की मी उगाच खुर्ची पुढेमागे करायचे, पेन शोधायचे. वाटायचं, एखाद्या दिवशी ती हाकेला ओ देईल.

आणि एका गुरुवारी ओ आली.

तिसरी हाक जिन्याकडे गेली आणि जिन्यातून कोणीतरी म्हणालं, "मी त्यांची मुलगी."

माझ्या हातातून स्टेपलर खाली पडला. विशीतली मुलगी, पंजाबी ड्रेस, हातात जुनी प्लास्टिकची पिशवी. नंबर न घेता आलेली. नाव सायली. कॉलेजात रक्तदानाला गेली तेव्हा कळलं, बी कावीळ. डॉक्टरांनी लिव्हर बघायला सांगितलं, तर हिला एवढा एकच पत्ता माहीत, आईच्या जुन्या चिठ्ठीवरचा. ओठ पार सुकलेले. मी सवयीने विचारलं, कधी खाल्लंस? म्हणाली, "काल दुपारी. पाणीसुद्धा नाही प्यायले. नक्की. आत्ता परत पाठवणार नाही ना?"

पाण्याला कोण नाही म्हणतं! पण तिला कोण सांगणार? माझे डोळे भरले, मी खाली वाकून स्टेपलर शोधायला लागले.

बाईंनी तिला आत नेलं. दार उघडंच ठेवलं, पडदा तेवढा ओढला, म्हणून पुढचं मला सगळं ऐकू आलं. "उगी रव. नुसतं दार वाजवतंय मी." दहा टिचक्या. मग बाई, ज्यांनी जन्मात कोणाला आकडा सांगितला नाही, त्या म्हणाल्या, "पाच पॉइंट एक. मऊ आहे बाळा तुझं. एकदम मऊ."

पोरगी रडायला लागली. मला वाटलं, सुटकेचं रडतेय. पण मध्येच म्हणाली, "मी तेव्हा आईच्या हातावर दही दिलं होतं..."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "थांब. उठू नको."

उपासाचा डबा उघडल्याचा आवाज आला. गुरुवारी बाईंच्या डब्यात दही असायचंच. साखर माझ्याकडून मागून घेतली, चहाच्या डब्यातली. मी पडद्यापाशी गेले तर बाईंनी चमचाभर दही-साखर पोरीच्या हातावर ठेवलेली आणि पोरगी घाबरून बघतेय. "खा." "पण तपासणी..." "खा सांगते ना."

खाल्लं तिने. बाईंनी घड्याळात बघितलं आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या. "आता तासभर बसायचं. लगेच बघितलं तर तू म्हणशील, दही अजून पोटात उतरलंच नाही."

बसल्या दोघी.  बाईंनी गाव विचारलं, कॉलेज विचारलं, आईचं माहेर कुठलं ते विचारलं. दोन वाजता यादव वर आला. पेटी खाली ठेवून म्हणाला, "बाई, टाइम हो गया. मुलुंडवाले मेरी वाट लगा देंगे."

"लगने दो," बाई म्हणाल्या. "आज मशीन रुकेगा."

यादवने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बस ना रे, चहा मागवते. सात वर्षांपूर्वी हेच का नाही म्हटलं मी? एवढंच तर होतं, बस ना रे.

सव्वादोनला पुन्हा दहा टिचक्या झाल्या. यादवसुद्धा गप ऐकत होता. बाईंनी पडदा बाजूला केला, मशीन पोरीकडे वळवलं, दोन्ही आकडे बोटाने दाखवले. "हा उपाशीपोटी. हा दही खाऊन. बघ, पॉइंट एकने कमीच आलाय. दह्याने काही होत नाही. तुझ्या दह्याने काही झालं नाही, कळलं? परत मनात आणायचं नाही."

सायलीने दोन्ही आकडे परत एकदा वाचले. हुशार पोरगी. मला कळलं की आता ती पुढचं बोलणार, आणि बाईंनाही कळलं होतं, त्या सरळ उभ्या राहिल्या.

"म्हणजे आईला परत पाठवायला नको होतं."

"नको होतं," मेस्त्रीबाई म्हणाल्या. "मी पाठवलं. माझी चूक."

मुलीने त्यांना माफ केलं असं काही झालं नाही. ती ओरडलीही नाही. ओढणी सारखी केली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली. तिथे थांबून, पाठमोरीच, विचारलं, "परत कधी दाखवायचं?"

"वर्षाने. दर वर्षाने."

"उपाशी?"

"उपाशी ये," बाई म्हणाल्या. मग तिच्यामागे दारापर्यंत गेल्या. "आणि नाही राहवलं तर खाऊन ये. पण ये गो."

मान हलवून ती जिना उतरून गेली.

तीन महिन्यांनी बाई रिटायर झाल्या. शेवटचा दिवस गुरुवारच होता. मी काउंटरमागच्या पाटीवर "तीन तास उपाशी" याच्या खाली नवी ओळ लिहून घेतली होती: खाल्लं असेल तर सांगा, बसा, परत जाऊ नका. बाईंनी ती वाचली. बारा-चाळीसचा नंबर सायली येऊन गेल्यापासून मी रीतसर देत होते, त्या दिवशी तिथे एक छेडाआंटी होत्या, गुडघ्याने बेजार. दार उघडलं. बाई बाहेर आल्या, हातातला कागद बघितला, आणि जिन्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मंगल घाडी."

छेडाआंटी माझ्याकडे बघायला लागल्या. खालून जिलेबीचा वास येत होता. बाई तशाच उभ्या, दुसरी हाक ओठावर आलेली.

मी काउंटरवरून म्हटलं, "येऊन गेली, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येऊन गेली ना?"

"येऊन गेली."

"हां," मेस्त्रीबाई म्हणाल्या, आणि वाकून छेडाआंटींना उठायला हात दिला.